मदत हवी आहे: कोव्ह बंदरात मागे राहिलेल्यांचा इतिहास

नमस्कार मंडळी. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातलं कोव्ह हे बंदराचं गाव माझ्या मनातून जात नाहीये. १८४९ साली व्हिक्टोरिया राणी आली म्हणून त्याचं क्वीन्सटाउन झालं, स्वातंत्र्यलढ्याच्या काळात पुन्हा कोव्ह. बटाट्याच्या दुष्काळापासून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे २५ लाख माणसं इथून परदेशी गेली. टायटॅनिकचा शेवटचा थांबाही हाच.

जाणाऱ्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला हव्यात प्रवाशांना जहाज येईपर्यंत खोल्या देणाऱ्या घरमालकिणी, होडीतून जहाजावर लेस विकायला जाणाऱ्या बायका, धक्क्यावरचे हमाल. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे कागद ऑनलाइन मोफत आहेत, तिथून सुरुवात केलीये. एकेका गल्लीतली घरं आणि त्यांचे व्यवसाय दोन्ही वर्षांत कसे जुळवायचे? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.