मदत हवी आहे: साठीच्या पंक बँडसाठी वॉशिंग्टन डीसीजवळ छोटा हॉल (आणि कानांचं काय?)

नमस्कार मंडळी,

मी सिल्व्हर स्प्रिंगला, मेरीलँडमध्ये राहतो. आमच्या गल्लीतले दोन शेजारी ऐंशीच्या दशकात इथल्या हार्डकोर पंक (वेगवान, कर्कश रॉक) बँडमध्ये वाजवायचे. बँड फार मोठे नव्हते, म्हणून नावं देत नाही. मधली पंचवीस-तीस वर्षं नोकरी, मुलं, गुडघे यांत गेली आणि आता दोघं पुन्हा बेसमेंटमध्ये वाजवायला लागलेत. बेसला माणूस नव्हता. मी पुण्यात कॉलेजात असताना गिटार वाजवायचो हे माझ्या बायकोने कुठल्याशा पॉटलकमध्ये सांगून टाकलं, आणि मला धरून नेलं. (मी तिशी ओलांडल्यावर पंक ऐकायला लागलो, तेव्हा खरं तर माझा इथे काही अधिकार नाही.)

आता त्यांना एक कार्यक्रम करायचाय. शेजारपाजार, पोरंटोरं, जुने दोस्त, साठ-सत्तर डोकी. वाद एवढाच की ड्रमरला जुन्या बँडचं नाव लावून जुनी गाणी वाजवायचीत, "नाहीतर येणार कोण?" गिटारवाल्याला ते अजिबात नको.

मी गिटारवाल्याच्या बाजूने आहे, कारण इथे वॉशिंग्टनमध्येच ही गोष्ट नीट करून दाखवलेली माणसं आहेत. इयन मकाय हा इथलाच पंक गायक, आधी मायनर थ्रेट या बँडमध्ये (१९८० ते ८३), मग फुगाझी या बँडमध्ये. फुगाझी २००२ नंतर मंचावर आलेले नाहीत. 'पुनरागमन' लावून थिएटरं भरली असती, पण त्यांनी ते केलं नाही. इयन आणि त्याची बायको एमी फरीना दोघांनी द ईव्हन्स हा बँड काढला: एक बॅरिटोन गिटार, एक ड्रमसेट, स्वतःचे स्पीकर, स्वतःचे दिवे. बारमध्ये न जाता पुस्तकांची दुकानं, कम्युनिटी सेंटर अशा जागी वाजवायचे. पुढे फुगाझीचाच बेसवाला जो लॅली त्यांना येऊन मिळाला. २०१५ पासून तिघं एकत्र वाजवत होते, पण लोकांसमोर पहिल्यांदा आले ते थेट २०१८ मध्ये. नाव नवं, कोरिकी. गाणी नवी. रेकॉर्ड २०२० ला आली. तीन वर्षं कुणाला न दाखवता वाजवत बसणं मला त्या रेकॉर्डपेक्षाही आवडतं. आमच्या ड्रमरला हे सांगितलं, तर म्हणाला, "ते लोक प्रसिद्ध आहेत, त्यांना परवडतं." मुद्दा अगदीच खोटा नाही.

तर प्रश्न असे.

हॉल: लहान मुलं येणार, म्हणून बार नको. इथल्या पंकवाल्यांचा हा जुना हट्टच आहे. अल्पवयीन मुलांना दारू मिळू नये पण गाणं ऐकायला मिळावं, म्हणून हातावर काळी फुली मारायची पद्धत या शहरात १९८० पासूनची. चर्चचा हॉल किंवा काउंटीच्या शाळेची खोली कुणी घेतली आहे का? मराठी मंडळाच्या दिवाळीसाठी तुमच्यापैकी कुणीतरी नक्की घेतली असणार. विमा मागतात का? ड्रमसेट म्हटल्यावर नाही म्हणतात का? सुरक्षेचा खर्च कुणावर? वॉशिंग्टनच्या फोर्ट रेनो बागेतल्या फुकट मैफली २०१४ मध्ये याच मुद्द्यावरून रद्द व्हायच्या बेतात आल्या होत्या, म्हणून धास्ती आहे.

कान: ड्रमरच्या कानात सतत शिट्टी वाजते. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण १०० डेसिबलला पंधरा मिनिटांत कोटा संपतो, असा इथल्या सरकारी संस्थेचा हिशेब आहे. आमचं बेसमेंट शंभरच्या खाली नसावं. साधे फोमचे बोळे घातले की झांजांचा आवाज जातो आणि तो जास्त जोरात बडवतो. कानाचं माप घेऊन बनवलेले प्लग कुणी वापरता का? पैसे वसूल होतात?

---

थोडी भर: प्रतिसादांबद्दल आभार. "ड्रमच्या काठ्यांऐवजी ब्रश वापरा" म्हणणाऱ्यांना, ब्रश दाखवले, ड्रमर खोली सोडून गेला. रबरी पॅडवर सराव मान्य आहे. "मंडळाच्या गणपतीत वाजवा" ही सूचना दोघांनाही आवडली, हे मला अनपेक्षित. पण कार्यकारिणीला विचारायची हिंमत माझ्यात नाही. नावाचा वाद मिटला नाही. सध्या तडजोड अशी की नाव नवं, जुनी दोन गाणी शेवटी.

बाल्टिमोरवाल्या ताईंनी चर्चच्या हॉलचं लिहिलंय, त्यांना एकच विचारायचंय: सामान लावायचा आणि काढायचा वेळ भाड्यात धरतात का? आमचं वाजवणं चाळीस मिनिटांचं, पण दोघांच्या पाठी बघता सामान उचलायलाच दोन तास लागतील.