बडोदा संस्थानातलं शिक्षण ‘द्विभाषिक’ म्हणायचं का?

सुरसागर:
मंडळाच्या कार्यक्रमात ४० मिनिटांचं सादरीकरण आहे, विषय ‘बडोद्यातील बहुभाषिक शिक्षणाचा इतिहास’. मसुद्यात एक वाक्य असं आहे: ‘सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचं द्विभाषिक शिक्षण सुरू केलं.’ हे टिकेल का? संस्थानाच्या जुन्या अहवालांतले आकडे घेताना काय सांभाळावं, तेही सांगा. श्रोत्यांत मराठी वर्ग चालवणारेही असतील, त्यांच्या कामाचं काही सुचलं तर उत्तमच.

खडूफळा:
वाक्य मधोमध तोडा. ‘सक्तीचं’ ठेवा, ‘द्विभाषिक’ काढा.

सक्तीचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात झाला आणि १९०६ च्या कायद्याने तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. मुलगे ७ ते १२, मुली ७ ते १० अशी वयं होती. शिकवायची भाषा मात्र मुख्यतः गुजराती. मराठी आणि उर्दू शाळा तिच्या शेजारी वेगळ्या चालत. मराठी शाळेतलं मूल मराठीत शिके, गुजराती शाळेतलं गुजरातीत. याला समांतर माध्यमं म्हणतात. एकाच वर्गात दोन भाषांतून विषय शिकवणं ही निराळी गोष्ट आहे आणि भाषणांत या दोन्हींची हमखास गल्लत होते.

दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण हवं असेल तर फ्लोरिडातली कोरल वे शाळा घ्या. क्यूबन क्रांतीनंतर मायामीत आलेल्या कुटुंबांमुळे १९६३ मध्ये तिथे अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस स्पॅनिश अशी शाळा सुरू झाली आणि दोन्ही भाषांची मुलं एकत्र बसली. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टला इंग्रजी घरांतली मुलं थेट फ्रेंचमधून शिकू लागली. १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लाऊ खटल्यात म्हटलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, कारण इंग्रजी न समजणाऱ्या मुलाला त्यातून काही मिळत नाही. बडोद्याचं वेगळेपण या मापाने मोजू नका. राज्यकर्ते मराठी असूनही प्रजेच्या भाषेला शाळेत मुख्य जागा मिळाली, हे बडोद्याचं खरं वैशिष्ट्य, आणि ते पुरेसं मोठं आहे.

मोडीवाचक:
आकड्यांबद्दल. वार्षिक प्रशासन अहवाल इंग्रजीत असतात आणि त्यांचं वर्ष ३१ जुलैला संपतं. त्यामुळे ‘१९०५-०६’ हा आकडा कॅलेंडरच्या १९०६ शी किंवा ब्रिटिश हद्दीच्या एप्रिल ते मार्च वर्षाशी सरळ लावू नका. हीच चूक सर्वांत जास्त दिसते.

दुसरा खड्डा पैशांचा. १९०१ च्या आसपासपर्यंत संस्थानाचं स्वतःचं बाबाशाही नाणं चालत होतं. त्याआधीचा शिक्षणखर्च आणि नंतरचा कलदार (ब्रिटिश सरकारच्या) रुपयांतला खर्च एका ओळीत मांडला, तर वाढ झाली की नाणं बदललं ते कळतच नाही. प्रत्येक आकड्यापुढे चलन लिहा.

‘मराठी शाळा’ आणि ‘मराठी विद्यार्थी’ हेही एक धरू नका. मराठी घरातलं मूल गुजराती शाळेत जात असेलच. मोडी कागद असतील तर शिरोरेघ आधीच आखलेली असते आणि अक्षरं तिला लटकून एका झपाट्यात लिहिलेली असतात. आधी तारीख आणि हुद्दे वाचा, मजकुराकडे नंतर वळा.

तापीकाठ:
खडूफळा यांच्याशी बहुतेक सहमत, पण ‘प्रजेची भाषा’ यावर खडा टाकतो. संस्थान म्हणजे फक्त बडोदा शहर नव्हतं. नवसारी प्रांतातल्या सोनगड-व्यारा भागात घरची बोली चौधरी, गामीत, ढोडिया. त्या मुलांना गुजराती ही शाळेतच भेटणारी भाषा होती. सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह-शाळा निघाली, पण शिकणं गुजरातीतच. अंत्यज शाळांची, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांच्या शाळांची, अडचण भाषेची नव्हतीच. सवर्ण हिंदू शिक्षक तिथे जायला तयार नसत, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. बहुसांस्कृतिक शिक्षण म्हणायचं तर हे दोन मुद्दे गाळून चालणार नाही.

आणि ‘कलाभवन’ ही बडोद्याची तंत्रशिक्षणाची संस्था विसरू नका. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी रंगकाम, यंत्रकाम यांसारखे विषय गुजरातीतून शिकवायचं ठरवलं आणि लगेच गाडी शब्दांपाशी अडली. परिभाषा नाही, मग पुस्तकं कुठून? त्यांचा बराच वेळ परिभाषा जुळवण्यात आणि ग्रंथ करवून घेण्यात गेला. माध्यम जाहीर करायला एक हुकूम पुरतो, शब्द घडवायला माणसं लागतात.

सुरसागर:
वाक्य बदललं. पण मराठी वर्गवाल्यांचं राहिलं. आठवड्याला एक तास पुरतो का?

खडूफळा:
हिशोब मांडून पाहा. आठवड्याला एक तास, वर्षात ४० आठवडे, म्हणजे ४० तास. शाळेत पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस धरून रोज ३५ मिनिटांचा तास असेल तर साधारण ११७ तास. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला फरक इथे कामाचा आहे: बोलण्यापुरती भाषा सुमारे दोन वर्षांत येते, पाठ्यपुस्तकाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून पहिल्या वर्षी व्याकरण सोडा, वाचून दाखवणं आणि गोष्ट परत सांगणं यावर भर द्या.

गुजराती येणाऱ्या मुलाला मराठीत फुकट मिळणाऱ्या गोष्टी आधी वापरा. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा जसाच्या तसा आहे, हिंदीत नाही. ‘वाट पाहणे’ला ‘वाट जोवी’ आहे. तीन लिंगंही दोन्हीकडे आहेत, मात्र शब्दागणिक तपासा: गुजरातीत ‘चा’ स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘चहा केली’ ऐकू येणारच. चाक आणि चार यांतला ‘च’ वेगळा आहे, तो कानानेच शिकवावा लागतो. अक्षरांत गुजराती लिपीशी सारख्या वळणाची आधी, मग ज, ख, च, ब, फ ही स्वतंत्र. शिरोरेघ सगळ्यात शेवटी द्यायला सांगा, नाहीतर मूल रेघ ओढत बसतं आणि अक्षर हुकतं.

मोडीवाचक:
शाळेतच मराठी मागणार असाल तर दोन आकडे जवळ ठेवा. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एका मातृभाषेची एका वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा असं ठरवलं होतं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयीचं कलम ३५०-अ आलं, पण त्यात आकडा नाही. शिवाय २०२३ च्या गुजरातच्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, तेव्हा अर्जात ‘गुजरातीऐवजी’ लिहू नका, ‘गुजरातीसोबत’ लिहा. प्रवेशाच्या वेळी मातृभाषेच्या रकान्यात पालकांनी सवयीने गुजराती लिहिलं असेल तर ती दहा मुलं कागदावर दिसणारच नाहीत, म्हणून अर्जाआधी ते रकाने तपासून घ्या.