बहात्तरचा दुष्काळ: तुमच्या घरात काय उरलंय?

ज्वारीचं_कणीस:
नातवाचा पहिला पगार झाला परवा. मोबाईलवर पगाराची स्लिप दाखवत म्हणाला, "आज्जी, हे दोनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कशाचे कापलेत गं?" मी सांगायला लागले आणि मधेच घसा दाटला. पोरगं घाबरलं.

हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. आणि रोजगार हमी उभी राहिली ती बहात्तरच्या दुष्काळातल्या खडी केंद्रांवर, म्हणजे सरकारी खडी फोडायच्या कामांवर. त्यातल्या एका केंद्रावर माझी आई होती. तालुका आष्टी, जिल्हा बीड. मी आठ वर्षांची, धाकटा भाऊ माझ्या कडेवर.

आमचं पाटलाचं घर. आईने तोवर वेशीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दोन वर्षं पाऊस हुलकावण्या देत होता, तिसऱ्या वर्षी विहिरीने तळ दाखवला. बैल विकले, मग पाटल्या. वडील लाजेने ओसरीवर बसून राहिले. एका पहाटे आईच उठली, नाकापर्यंत पदर ओढला आणि बायकांच्या घोळक्यात चालू लागली. सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात दगड धरायचा आणि वरून हातोडी. संध्याकाळी बोटांना चिंध्या. माप कमी भरलं की मुकादम हजेरी कापायचा, पगार पंधरा-पंधरा दिवस लांबायचा.

पण त्या पैशातून आमची चूल पेटली. आई मरेपर्यंत म्हणायची, "भीक नाही घेतली, काम केलं." सरकारने काम द्यायचंच, हा कायदा झाला त्यामागे अशा लाखो बायका होत्या. नातवाला हे माहीत नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं नाही. म्हणून हा धागा. तुमच्याकडचं लिहा. टंचाईने तुमचं घर, गाव, पुढारी कसे बदलले?

तापीकाठ:
मिलो!!! लाल मिलो कसा विसरला सगळ्यांनी. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी. भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि पोटात दगडासारखी बसायची. आजी म्हणायची जनावराचं खाणं आणलंय, पण रेशनच्या रांगेत पहाटे चारला तीच उभी असायची. कुकर लावलाय, नंतर येते.

सांजवात:
ताई, वाचून रडू आलं. आमच्याकडे शाळेत सुकडी मिळायची. ती कशी करायचे कुणाला माहीत आहे का? तशी चव परत कधीच लागली नाही.

मोहरलेला_आंबा:
@सांजवात, सुकडी तयार भरड यायची पोत्यातून. आम्ही कोरडीच खायचो खिशातून. भुकेची चव होती ती, आता कशी लागणार!

खडीचा_रस्ता:
मी हे सरकारी बाजूने पाहिलंय. पाटबंधारे खात्यात नवा ओव्हरसियर होतो, वय तेवीस. मस्टर म्हणजे हजेरीपट, टेप, चुन्याची फक्की आणि समोर दोन हजार माणसं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हा आकडा कागदावर लिहायला सोपा आहे. टेप घेऊन समोर उभं राहिलं की ब्रासचं (शंभर घनफूट खडीचं) माप पुरं भरत नसतं आणि बाईच्या पाठीला तान्हं बांधलेलं असतं. मी कितीदा माप वाढवून लिहिलं. आज कबूल करतो, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

पुढाऱ्यांबद्दल विचारलंत म्हणून. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री. रोजगार हमीची कल्पना मात्र वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. तासगावच्या विसापुरात त्यांनी आधी छोटा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळ पडला तेव्हा योजना हाताशी होती. पण नुसत्या कल्पनेने भागलं नसतं. लाल निशाण पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट सगळे मजुरांना घेऊन कचेऱ्यांवर धडकत होते. मोर्चा आला की आठ दिवसांत नवं काम निघायचं, हे मी स्वतः पाहिलंय. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं.

कामं सगळीच चांगली झाली असं नाही. काही रस्ते माळावर जाऊन संपले. पण माझ्या हातचे दोन पाझर तलाव अजून पाणी धरतात.

निळी_पहाट:
पाटलाच्या सुना पहिल्यांदा आमच्या आयांशेजारी बसून खडी फोडायला लागल्या, हे खरं आहे. माझी आईही सांगते. पण पाण्याचे माठ दोन होते. तेही लिहायला हवं.

ज्वारीचं_कणीस:
होते. मला आठवतात. आमचा माठ बाभळीच्या सावलीत असायचा, तुमचा उन्हात. आई त्यावर कधी बोलली नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

निळी_पहाट:
आई आता ८१ ची आहे. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, एक पाटलीणबाई होती, मुकादम नसला की आमच्या लेकरांना पदरातली भाकरी द्यायची. तुमचीच आई असेल असं नाही, पण सांगितलं.

लोकलचा_दुसरा_वर्ग:
इकडे मुंबईत वेगळाच दुष्काळ. साखर नाही, रॉकेल नाही, तेल चढ्या भावाने. त्र्याहत्तरला अरबांनी तेल महाग केल्यावर तर विचारूच नका. आम्ही गोरेगावात. माझी आई, सातवी शिकलेली, कधी सभेला न गेलेली, लाटणं घेऊन मोर्चाला गेली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते. पक्ष वेगवेगळे पण मोर्चात एकत्र. बायका थाळ्या बडवायच्या. वडील म्हणाले स्वयंपाक कोण करणार? आई म्हणाली, करायला घरात आहे काय!

सत्त्याहत्तरला मृणालताई लोकसभेत गेल्या, आणि इंदिराबाई हरल्या रायबरेलीत. तेव्हाची घोषणा आमच्या चाळीतलं शेंबडं पोरही म्हणायचं: "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात." रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांनी मत दिलं होतं ते.

भुसावळ_जंक्शन:
आमचं चौऱ्याहत्तर. ८ मे ला रेल्वेचा संप सुरू झाला, वीस दिवस चालला. वडील फायरमन. महागाईने पगार वीस तारखेलाच संपायचा, म्हणून संप. वडील रात्री मळ्यात झोपायचे, मी डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा नेऊन द्यायचो. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस, त्यांचं नाव घरात देवासारखं घ्यायचे. पुढे मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात नोकरी गेलेल्यांना परत घेतलं. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी होती. बाकी रात्री लिहितो, ड्युटीवर आहे.

सांजवात:
@भुसावळ_जंक्शन, तुम्ही पण रेल्वेत का? 🙂

भुसावळ_जंक्शन:
हो ताई. तिसरी पिढी. मुलगी परीक्षा देतेय, चौथी होईल.

चाळ_क्रमांक_सात:
दुष्काळात वडील साताऱ्याहून परळला आले, गिरणीत बदली कामगार. दहा वर्षांनी कायम होणार असं वाटत होतं तोवर १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप. अडीच लाख कामगार बाहेर. संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभेला मी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलोय. संप कुणी मागे घेतला असं झालंच नाही, तो विरत गेला. चौऱ्याऐंशीच्या लाटेत डॉक्टर अपक्ष निवडून आले, तरी गेलेल्या हजारो नोकऱ्या काही परत आल्या नाहीत.

आईने दहा माणसांची खानावळ सुरू केली. ती माणसंही एकेक करून गावाला गेली. चाळीतल्या थोरल्या पोरांना काम नव्हतं. ज्याने वडापावची गाडी लावून दिली, पोलीस चौकीत सोडवायला आला, तो त्यांचा नेता झाला. लाल बावट्याची चाळ भगवी कशी झाली हे मला पुस्तकात शोधावं लागत नाही. भाऊ त्या वाटेने गेला. मी रात्रशाळेमुळे वाचलो.

पुरंदरची_पोर:
विलासराव साळुंखेंचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? पुण्यात कारखाना असलेले इंजिनिअर. दुष्काळात आमचा भाग पाहिला आणि नायगावला येऊन राहिले. त्यांच्या पाणी पंचायतीत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटायच्या योजनेत, पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. निवडणूक न लढवता पुढारी होता येतं हे आम्ही तिथे पाहिलं. आता सगळीकडे बोअर मारून ठेवलेत, त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

माहेरची_वाट:
ताई, आष्टीत कुठलं गाव? माझं माहेर कड्याचं!

ज्वारीचं_कणीस:
अगंबाई! कड्याच्याच बाजारात आईच्या पाटल्या गेल्या. आमचं गाव तिथून दोन कोसांवर. नातू सगळे प्रतिसाद वाचून म्हणतोय दिवाळीत गाडी काढू, खडीचा तो रस्ता बघायचाय. त्यावर आता डांबर आहे, पण वळण तेच असेल.

माहेरची_वाट:
मग घरी उतरायचंच. दादा-वहिनी आहेत तिथे. नंबर खाजगी निरोपात पाठवते.