भायली-सेवासी पट्टा: पर्यावरण मंजुरी एकदाच की टप्प्याटप्प्याने?

पाणलोट:
वडोदऱ्याच्या पश्चिमेला भायली-सेवासीकडे गृहसंकुलं टप्प्याटप्प्याने वाढतायत. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी) अधिसूचनेप्रमाणे बांधकाम क्षेत्र २०,००० चौ.मी. झालं की पूर्वमंजुरी लागते, १,५०,००० चौ.मी. किंवा ५० हेक्टरपासून तो प्रकल्प टाउनशिप गणला जातो. माझं म्हणणं, शेवटच्या टप्प्यापर्यंतचा हिशेब पहिल्याच अर्जात हवा. इथे १९,००० चौ.मी., शेजारी दुसऱ्या नावाने आणखी १९,०००, आणि रस्ता-गटार सामाईक, असं झालं की पाण्याचा हिशेब कोणीच मांडत नाही.

आकडे बघा. ५० हेक्टर शेत, तासाला ६० मिमी पाऊस. त्यातलं ३० टक्के पाणी वाहून गेलं तर सेकंदाला २.५ घनमीटर. छपरं, रस्ते, पेव्हर ब्लॉक आले आणि प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं की ५.८. तासाभरात १२,००० घनमीटर जादा पाणी! ते अडवायला २ मीटर खोल, ६,००० चौ.मी.चं तळं लागतं. ही जागा आधी राखली नाही तर चौथ्या टप्प्यात ती आणणार कुठून?

साइटवाला:
आकडे मान्य, मागणी नाही. टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, ४० टक्क्यांपर्यंत जमीन कापली जाऊ शकते, शेवटी हाती येणाऱ्या फायनल प्लॉटचा आकारच बदलतो. आज काढलेला चौथ्या टप्प्याचा नकाशा उद्या जुळेलच असं नाही. २०२२ च्या दुरुस्तीने मंजुरीची मुदत १० वर्षं झाली. तेवढ्यात सगळं उभं राहील याची हमी कोण देणार?

आणि सांडपाणी? पूर्ण वस्तीसाठी १,००० केएलडीचा (दिवसाला हजार लिटरच्या हिशेबात) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लांट, बांधला आणि पहिल्या टप्प्यातून १०० केएलडीच आलं, तर जिवाणू उपाशी मरतात, हवा सोडणारा ब्लोअर मात्र वीज खात राहतो. वास सुटतो, बिल फुगतं आणि सोसायटी प्लांट बंद करते. जेवढा टप्पा, तेवढाच प्लांट बरा.

पाणलोट:
एसटीपीचं पटलं. २५० केएलडीचे चार संच करा, जागा चारही संचांची राखा. पण पावसाचं पाणी असं टप्प्यात वाटता येत नाही. पहिल्या टप्प्यात मीटरभर भराव टाकला की पाणी शेजारच्या शेतात शिरतं. तिथे दुसरा टप्पा आला, पुन्हा भराव. शेवटी सखल राहतो तो जुना गावठाण. कांस, म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणारा नाला, बुजवून तिथे पाइप घातला तर तो सुरुवातीलाच सगळ्या पाणलोटाच्या मापाचा हवा, नंतर रस्ता खोदून मोठा करणं कोणाच्याच हातात नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २६. नदी अशी फुगलेली असताना कांसाचं पाणी उलटं फिरतं, म्हणून ते संकुलातच थोपवावं लागतं.

नकाशा-वाचक:
पावसाचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या रिचार्ज विहिरींवर फार विसंबू नका. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, त्यातच दुसऱ्या टप्प्याच्या खोदाईची माती येऊन पहिल्या टप्प्यातल्या विहिरी गाळाने भरतात. आधी गाळटाकी हवी, तीही पावसाळ्यापूर्वी उपसलेली. मंजुरीच्या अटी पाळल्याचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला जातात, पण खरी चावी बीयू परवानगीत, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीत आहे. तळं आणि निचरा जागेवर मोजल्याशिवाय पहिल्या टप्प्याला बीयू देऊच नये.

साइटवाला:
ही अट चालेल. मात्र तळ्याची देखभाल चौथा टप्पा संपेपर्यंत बिल्डरकडेच असावी. पहिल्या साठ कुटुंबांच्या मेंटेनन्समधून ६,००० चौ.मी.चं तळं उपसलं जाणार नाही. आणि टीपीमुळे प्लॉट बदलला तर तळ्याची जागा सरकवायची मुभा हवी, क्षमता तीच ठेवून.

पाणलोट:
सरकवा, पण उताराच्या खालच्या बाजूलाच. चढावर नेलेल्या तळ्यात पाणी पंपाशिवाय पोचत नाही, आणि अशा पावसात वीज आधी जाते.