देवडी म्हणजे वाडा का दार?

सोलापुरी चादर : सुट्टीत पोरांना घेऊन हैदराबादला गेलतो, सालारजंग म्युझियम बघितलं. ती संगमरवरी रिबेका, दगडातच कोरलेली झिरझिरीत ओढणी आणि आतनं चेहरा दिसतो, मग ते तासाला टोल द्यायला बाहुला बाहेर येतो ते घड्याळ, पाय मोडून आले पण पोरं हलेनात. तिथं कळलं की १९५१ ला हे म्युझियम सुरू झालं ते 'दिवाण देवडी'त, आत्ताच्या बिल्डिंगमध्ये आलं १९६८ ला. आता मला सांगा, एवढा पसारा देवडीत मावला कसा? आमच्या आजीच्या देवडीत दिवा न् काडेपेटी बसायची कशीबशी.

कडक भाकरी : ती देवळी बे! भिंतीतला कोनाडा. देवडी म्हणजे वाड्याच्या मोठ्या दरवाजातनं आत शिरलं की दोन्ही अंगाला पहारेकऱ्यांना बसायला जागा असते ती.

शेंगा चटणी : मग दिवाण म्हणजे पलंगच ना, पहारेकऱ्याला झोपायला :)

कडक भाकरी : दिवाण म्हणजे प्रधान. त्या घरातले सालारजंग पदवीचे तिघंही निजामाचे दिवाण झाले, पहिला सालारजंग तर १८५३ ते १८८३, मरेपर्यंत. वस्तू जमवल्या त्या मुख्यतः तिसऱ्यानं. लग्न केलं नाही, १९४९ ला गेला, मागं वारस नाही, राहिलं ते हे एवढं सामान.

जुना वाडा : वाडा न् दार, दोन्हीबी बरोबर. मूळ शब्द ड्योढी, म्हणजे उंबऱ्याची जागा. हैदराबादेत सरदार-उमरावांच्या अख्ख्या हवेलीलाच देवडी म्हणायला लागले. आपण नाही का भावकीत वाटण्या झाल्यावर 'चार चुली झाल्या' म्हणतो, चूल म्हणजे घरच की. आपल्या मराठीत मात्र देवडी दारातच बसून राहिली, सरदाराच्या घराला आपण वाडा म्हणतो, बुरूजबिरूज असले तर गढी. आणि राजा राहत असला तर राजवाडा, अक्कलकोटला आहे की, शस्त्रागारवाला.

सोलापुरी चादर : हां, आता कळलं. येताना मी रिक्षावाल्याला मुद्दाम दिवाण देवडीला चल म्हणलं तर त्यानं कापडबाजारात नेऊन सोडलं. वाडा कुठंय विचारलं तर कमानीकडं बोट दाखवलं, बाकी सगळी दुकानं. म्हणजे आता तिथं राहिलीय ती आपलीच देवडी, दारापुरती.