गुलामी उठली, पुढे काय? अमेरिकेच्या दक्षिणेत पाहिलेलं-ऐकलेलं

निमा: आज जूनटीन्थची, म्हणजे गुलामी संपल्याच्या दिवसाची सुट्टी, त्यावरून आठवलं. आम्ही टेक्सासातल्या शुगरलँडचे. २०१८ मध्ये इथे शाळेच्या बांधकामासाठी खोदताना ९५ जणांचे सांगाडे निघाले. कैदी म्हणून उसाच्या मळ्यात राबवलेले काळे मजूर, तेही गुलामी उठल्यानंतरचे. लेक तेव्हा नववीत होता, त्यातले काही त्याच्याच वयाचे असावेत म्हणे. कुणी दक्षिणेत राहिलं-फिरलं असेल तर लिहा.

खटपट्या: गुलामी उठली तर कैदी कशाला?

निमा: १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीत पळवाट आहे ना, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालते. काम नाही दाखवता आलं की उनाडकीचा गुन्हा, वर दंड. तो भरायला पैसे कुठले? मग कैदी म्हणून मजुरीला. मिसिसिपीत दर जानेवारीत नोकरीचा कागद दाखवावा लागे. थांबा, कुकर बघते.

मंदार_के: जॉर्जियातल्या सवानाला गेलो होतो. उत्तरेच्या फौजेचा सेनापती शर्मन, त्याने जानेवारी १८६५ मध्ये किनाऱ्यालगतची जमीन सुटलेल्या गुलामांना कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत द्यायचा हुकूम काढला. लोक कसायलाही लागले. राष्ट्राध्यक्ष लिंकन गेले, त्यांच्या जागी जॉन्सन आले आणि त्याच वर्षी जमिनी परत जुन्या मालकांना! बाकी गाव सुंदर, पण उन्हाळ्यात जाऊ नका, डास फोडून काढतात.

गोदाकाठ: मी बीडकडचा. आजोबा सालगडी, चुलता ऊसतोडीला. मुकादमाची उचल फिटलेली कधी ऐकली नाही. तिकडे सुटलेल्या गुलामांची मालकाच्या जमिनीत वाट्याने शेती. बियाणं, पीठ, कापड सगळं उधार, आणि कापूस निघाला की वही मालकाची, हिशोबही त्याचाच. सारखंच आहे असं नाही म्हणत हां, चुलत्याला कुणी विकलं नव्हतं.

सई: न्यू ऑर्लिन्सच्या वर्तमानपत्रातल्या 'हरवलेल्यांच्या' जाहिराती वाचल्यात का कुणी? गुलामीत ताटातूट झालेले लोक आपली माणसं शोधायला द्यायचे त्या. आईचं नाव, मालकाचं नाव, कुणी कुणाला विकलं. माग काढायला तेवढंच हाताशी. पाद्री चर्चमध्ये वाचून दाखवायचे. मी दोन वाचल्या आणि बंद केलं.

खटपट्या: जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा तिकडे हे चालू होतं तर.

चहाबाज: आणि बँक! सुटलेल्या गुलामांसाठी काढलेली फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक १८७४ ला बुडाली, ६१ हजार ठेवीदार. आमच्या गावच्या पतसंस्थेत आईचे पैसे अडकलेत, त्यामुळे हे वाचून डोकंच फिरलं.

मंदार_के: उपनिबंधकांकडे अर्ज केलात का?

चहाबाज: केला ना. पोचपावती मिळाली, पैसे नाहीत.