अनुभव धागा: लेस विणण्याआधी तिची जागा ठरवणं

कपाट आवरताना टॅटिंगची (छोट्या शटलने गाठी घालून केलेल्या लेसची) जुनी पट्टी हाती लागली, घडीच्या रेघेवर पिवळी पडलेली. इतकं बारीक काम, पण लावायची कुठे हे कधी ठरलंच नाही, म्हणून घडीत राहिली. त्यावरून हा धागा. पहिली गाठ घालायच्या आधी तुम्ही काय काय मोजता?

—

फ्रेम आधी, लेस नंतर. फ्रेमचं बाहेरचं माप कामाचं नाही, माउंटच्या (आतल्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) खिडकीचं घ्या. चारही बाजूंना २ सेंमी मोकळं हवं, नाहीतर काठाचे पिको, म्हणजे दोऱ्याचे छोटे फास, दाटीवाटीत हरवतात. खिडकी १५ सेंमी, तर लेस ११. काच लेसला टेकू द्यायची नाही, दमटपणा धरून डाग पडतात. काचेखाली कडेने ३ ते ५ मिमी जाडीची पट्टी लावा आणि फ्रेमची खाच तेवढी खोल आहे ना, ते घेतानाच बघा.

—

क्रोशा असेल तर १० सेंमीचा नमुना करा, धुवा, टाचण्या लावून ताणून वाळवा, मग मोजा. विणताना दिसतं ते माप खरं नसतं. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच. लोखंडी गंजतात.

—

+१
रिंगेत ताणायची असेल तर २० सेंमीच्या रिंगेला १८ची लेस. आधी चार दिशांना बांधा, मग मधल्या कमानी. एकाच बाजूने ओढत गेलं की मध्य सरकतो.

—

बॉबिन लेस (उशीवर टाचण्या लावून, छोट्या काड्यांवर गुंडाळलेल्या दोऱ्यांनी विणतात ती) राहिली की! बऱ्याच प्रकारांत उलटी बाजू वर ठेवून विणतात. अक्षरं किंवा एका दिशेला बघणारा पक्षी असेल तर आराखडा आरशातल्यासारखा उलटा हवा. आणि खिडकीत टांगणार असाल तर जोड कुठे येणार ते आधीच ठरवा, मागून उजेड आला की दडवलेलं प्रत्येक टोक काळं दिसतं.

—

डिंकाने चिकटवली तर? घाईत विचारतेय

—

नको गं! डिंक पिवळा पडतो, कडक होतो, मग सुटत नाही. बारीक दोऱ्याने दर २-३ सेंमीवर टाका घाल, घट्ट विणीत, जाळीत नाही. मागचं कापड गडद असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघ, रंग सुटतो का.

—

खळ पण नको. कसर खळीवरच येते.

—

रुमालाच्या कडेचं: कापड आधी धुवून आटवा. मग नक्षी पूर्ण आकड्यात बसवा. बाजू २४ सेंमी, नक्षी १.८, तर १३ वेळा येऊन ६ मिमी उरतात. ते ओढून भरले की कोपरा वर उचलतो. त्यापेक्षा कापड २३.४चं करा. कोपऱ्याचा नमुना वेगळा करून बघायला विसरू नका.

—

त्या पिवळ्या पट्टीला ब्लीच लावू नका हं. जाळीवर सपाट ठेवून साध्या शुद्ध पाण्यात भिजवा, पाणी पिवळं झालं की बदला. उचलताना जाळीसकट.